आवाज स्त्रीसारखा करायचाय: ट्रान्स स्त्रिया आणि नॉन-बायनरी व्यक्तींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, पहिल्या भेटीत आणि भेट संपवून दारापर्यंत गेल्यावर मागे वळून विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी वाचा-उपचार करते, शस्त्रक्रिया नाही. त्यामुळे माझा कल सरावाकडे आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

हार्मोन सुरू केलेत. आवाज आपोआप पातळ होईल ना?

नाही होणार. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्राच्या कूर्चा वाढतात, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि अख्खं स्वरयंत्र गळ्यात थोडं खाली सरकतं. मुलाचा आवाज फुटतो तो यामुळे. एकदा झालेली ही वाढ इस्ट्रोजेन मागे नेत नाही. त्वचा, चरबी, केस यांवर दिसणारा परिणाम गळ्यात दिसत नाही. ट्रान्स पुरुषांचं गणित उलटं असतं, टेस्टोस्टेरॉन सुरू झालं की त्यांचा आवाज आपसूक खाली येतो. "हार्मोन घेतेय, होईल हळूहळू" म्हणत वाट बघणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. तो वेळ सरावात गेला असता तर बरं झालं असतं. सराव सुरू करायला हार्मोनची अट नाही, आणि हार्मोन कधीच घ्यायचे नसतील तरी अडत नाही.

मग किती हर्ट्झवर बोलायला हवं?

सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो आणि सगळ्यात जास्त गोंधळही यानेच होतो. बोलताना स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात, ते हर्ट्झमध्ये मोजतात. हीच आवाजाची पट्टी. बहुतेक पुरुषांचं बोलणं साधारण 100 ते 130 च्या आसपास, बहुतेक बायकांचं 180 ते 220 च्या आसपास. मधे 145 ते 175 चा पट्टा आहे, जिथे नुसत्या पट्टीवरून ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही.

ज्यांच्या घरी पेटी किंवा तानपुऱ्याचं ॲप आहे त्यांना हे चटकन कळेल. गाणाऱ्या पुरुषाची काळी एक म्हणजे सुमारे 139 हर्ट्झ. गाणाऱ्या बाईची काळी चार सुमारे 208, काळी पाच 233. बोलण्यासाठी आपण पांढरी तीन ते पांढरी सहा, म्हणजे 165 ते 220 हा टापू धरतो. त्यातही सुरुवात खालच्या टोकाकडून.

पण नुसती पट्टी चढवून काम भागत नाही. 210 वर बोलूनही ऐकणाऱ्याला "पुरुष बारीक आवाज काढतोय" असं वाटू शकतं आणि 165 वर बोलणारी बाई बाईच वाटू शकते. रेडिओवरच्या भारदस्त आवाजाच्या निवेदिका आठवा. साठी ओलांडलेल्या कितीतरी आज्यांचा आवाज चांगला खाली आलेला असतो, तरी त्यांना कुणी "आजोबा" म्हणत नाही. हा फरक घुमाऱ्यात असतो.

घुमारा म्हणजे नक्की काय? तो कसा बदलतो?

नळाखाली बाटली भरताना आवाज चढत जातो, कारण आतली हवेची जागा आखूड होत जाते. गळ्याचंही तसंच आहे. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी प्रौढ पुरुषात सुमारे 17 सेंटिमीटर असते, बायकांत 14 ते 15. ही पोकळी आखूड आणि अरुंद केली की तोच स्वर हलका, उजळ ऐकू येतो.

आत्ता करून बघा. कंठमण्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. बोटाखालचा उंचवटा वर जाऊन परत खाली येतो. आता जांभई द्या, तो खाली जाईल. म्हणजे स्वरयंत्र वर-खाली होऊ शकतं आणि ही हालचाल शिकता येते. मात्र गिळण्याच्या स्थितीत ते आवळून धरून बोलायचं नाही. तसं केलं तर आवाज चिमटल्यासारखा येतो आणि पंधरा मिनिटांत गळा दुखतो. हवी ती इतकी छोटी सरक, की आपल्यालाच ती जेमतेम जाणवावी.

दुसरी किल्ली जिभेत आहे. जीभ पुढे आणि वर आणली की तोंडातली जागा घटते. 'आ' म्हणताना जीभ खाली, 'ई' म्हणताना वर आणि पुढे. म्हणून सुरुवात नेहमी 'ई'च्या शब्दांनी करावी.

घरी कोणते व्यायाम करू?

क्रमाने सांगते.

आधी कुजबुज. आवाज न काढता, नुसत्या हवेवर 'ई' म्हणा, मग 'आ'. हवेच्या सूं-सूं आवाजाचीही पट्टी बदलते, हे कानाला कळू दे. मग कुजबुजतच 'आ' म्हणताना तो 'ई'इतका उजळ येतो का बघा. इथे स्वरतंतू कंप पावतच नाहीत, त्यामुळे लक्ष पट्टीवर भरकटत नाही. माझ्या मते हा सगळ्यात कामाचा व्यायाम आहे आणि कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळ्यात आधी सोडला जातो.

मग स्ट्रॉ. अर्धं भांडं पाण्यात स्ट्रॉ बुडवून त्यातून 'ऊ' करायचं, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. तो 'ऊ' हळूहळू वर न्यायचा आणि खाली आणायचा, मींड घेतात तसा. यानं स्वरतंतूंवरचा ताण कमी होतो आणि वरच्या पट्टीत जोर लावायची खोड मोडते.

मग गुणगुणणं. तोंड मिटून 'म्म्', ओठ आणि नाकाशी मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे, छातीत नव्हे. तिथूनच 'मी', 'मीही', 'मीही येईन' असं बोलण्यात उतरायचं.

मग वाक्यं. "ही निळी पिशवी मीच शिवली." "मीही पाणी पिईन." "तिची वही नीट ठेव." त्यानंतर 'आ' आणि 'ओ' भरलेली अवघड वाक्यं: "बाबा बाजारात गेला", "मोठा ढोल वाजला". पहिल्या ओळीतला उजळपणा दुसऱ्या ओळीत टिकला, की एक टप्पा पार झाला.

राहता राहिला आवाजाचा जडपणा. जाड आवाजात स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. तो कमी करायला शब्दाची सुरुवात हलक्या 'ह'ने करून बघा: "हआई", "हइथे", "हआज". मग तो 'ह' हळूहळू पुसून टाका आणि फक्त हलकेपणा ठेवा. काही जणी तो 'ह' पुसतच नाहीत आणि दिवसभर हवा सोडत बोलतात. ते ऐकायला मोहक वाटतं खरं, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ऐकू जात नाही.

दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. एका बैठकीत तासभर नको.

फॉल्सेटो आधीच छान जमतो. तोच वापरला तर?

मिमिक्री करणारे बाईचा आवाज काढतात तो फॉल्सेटो. त्यात पट्टी मिळते पण आवाज पोकळ राहतो, आणि दिवसभर त्यात बोलणं कुणालाच झेपत नाही. वरच्या पट्टीची ओळख करून घ्यायला हरकत नाही. राहायला ती जागा नव्हे.

यूट्यूब बघून शिकले तर चालेल का?

कितीतरी ट्रान्स स्त्रिया तशाच शिकल्या आणि उत्तम शिकल्या. इंग्रजीत भरपूर साहित्य आहे. अडचण दोन ठिकाणी येते. आपण चुकीच्या जागी ताण देतोय हे स्वतःला कळत नाही. आणि इंग्रजी वाक्यांवर सराव झालेला आवाज मराठीत आला की कोसळतो. परदेशात राहणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो: ऑफिसमध्ये इंग्रजीत आवाज पक्का, आणि रविवारी आईला फोन लावला की पहिल्या "काय गं"लाच जुना आवाज. प्रत्येक भाषेतली सवय वेगळी असते, त्यामुळे घरची भाषा वेगळी घोटावी लागते. मालवणी, वऱ्हाडी, कोंकणी बोलत असाल तर त्यातच सराव करा, पुस्तकी मराठीत नको.

स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणं टाळू नका. सुरुवातीला नकोसं होतं, सगळ्यांनाच होतं. आठवड्यातून एकदा तोच परिच्छेद वाचून जपून ठेवा. 'प्राट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं. पट्टीचा आलेख त्यात दिसतो. रोज मात्र आलेखाकडे बघत बसू नका, नाहीतर पुन्हा हर्ट्झच्या मागे लागाल.

घरात कुणाला सांगितलेलं नाही. सराव कुठे करू?

दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे हा प्रश्न शस्त्रक्रियेपेक्षा मोठा असतो. कुजबुजीचे व्यायाम पांघरुणात करता येतात. गुणगुणणं आंघोळीच्या वेळी, बादलीचा नळ सोडून. हेल्मेट घालून गाडी चालवताना आवाज बाहेर जात नाही आणि आतल्या आत स्पष्ट ऐकूही येतो. लोकलच्या गर्दीत फोन कानाला लावून, समोर कुणी नसताना, हळू आवाजात बोलत राहायचं. कुणी ढुंकून बघत नाही. आणि "गाण्याचा क्लास लावलाय, रियाज आहे" हे कारण आपल्याकडे कुठल्याही घरात खपतं. ते खरं करायचं असेल तर खरंच क्लास लावा, कान तयार होईल.

फक्त चोरून करायचं म्हणून कुजबुजत बोलण्याची सवय लावून घेऊ नका. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण आवाजात बोलता येईल अशी जागा शोधा: मैत्रिणीची खोली, टेकडी, ऑनलाइन सत्रासाठी उघडी असलेली एखाद्या संस्थेची खोली.

'मी आलो' म्हणायचं तोंडात बसलंय. 'आले' म्हणताना अडखळते.

मराठी बोलणाऱ्याला इथून सुटका नाही. क्रियापदच सांगून टाकतं. आवाज उत्तम असला आणि तोंडातून "मी निघालो" गेलं की समोरचा चमकतो. उलट आवाज अजून अर्धवट असला तरी "मी निघाले गं" म्हटल्यावर बरेच लोक काही न बोलता सावरून घेतात. म्हणून क्रियापदं आवाजासोबतच घोटा: आले, बसले, विसरले, करत होते, सांगते, येतेय. कोल्हापूर-सांगलीकडच्या असाल तर तुमचं काम थोडं सोपं, तिकडे बायकाही बिनधास्त "मी आलो, मी जातो" म्हणतात.

नॉन-बायनरी असाल, म्हणजे स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष मानत नसाल, किंवा अजून जाहीर करायचं नसेल, तर लिंग न सांगणारी वाक्यं मराठीत भरपूर आहेत. "मला जायचंय", "मी येईन", "माझं झालं", "मला वाटतं". थोडा सराव केला की अख्खी संध्याकाळ यावर निघते.

नॉन-बायनरी आहे. पूर्ण स्त्रीचा आवाज नकोय. मग थेरपीचा उपयोग आहे का?

आहे. काहींना मधला पट्टा हवा असतो, साधारण 150 ते 170, घुमारा थोडा उजळ. काहींना दोन आवाज हवे असतात, कामावर एक आणि मित्रांत दुसरा. काहींना पट्टी तशीच ठेवून फक्त जडपणा काढायचा असतो. पहिल्या भेटीतच हे सांगा, कारण उपचार करणारे पुष्कळदा "पूर्ण बायकी" हेच ध्येय धरून चालतात. पट्टी वर-खाली दोन्हीकडे नेता यायला हवी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार फार जपून करा. खालचे स्वर गेले की परत येत नाहीत.

फोनवर अजूनही 'सर' म्हणतात. समोर कुणी म्हणत नाही.

समोर चेहरा, केस, कपडे आवाजाला हात देतात. फोनवर आवाज एकटा पडतो. त्यात साधा फोन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवतो, म्हणजे मूळ पट्टी थेट जातच नाही. ऐकणाऱ्याचा मेंदू वरच्या कंपनांवरून ती जुळवतो. तेव्हा फोनवर घुमारा आणि शब्दांची ठेवण जास्त महत्त्वाची ठरते. पहिलं वाक्य पाठ करून ठेवा, थोडं चढं आणि हसऱ्या तोंडाने: "हॅलो, मी अमुक बोलतेय." त्या 'बोलतेय'नं अर्धं काम होतं. बँकेच्या फोनवर "खातेदाराला द्या" म्हणून अडवलं, तर आवाजावरून वाद घालण्यापेक्षा ओळख पटवायचे प्रश्न विचारायला सांगा.

ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध यांनी आवाज पातळ होतो का?

घशाला बरं वाटतं, बाकी काही नाही. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंवरून जात नाही. ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोच. आवाज पातळ करण्याची कुठलीही गोळी किंवा इंजेक्शन नाही, कुणी विकत असेल तर तो फसवतोय. सिगारेट मात्र आवाजावर नक्की परिणाम करते: स्वरतंतू सुजून आवाज खाली येतो. वर इस्ट्रोजेनसोबत रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, तो वेगळाच.

शस्त्रक्रिया कोणत्या आहेत?

दोन नावं जास्त ऐकू येतील.

ग्लॉटोप्लास्टी. जर्मनीच्या युर्गेन वेंडलर यांच्या नावाने ओळखली जाते. तोंडातून दुर्बीण घालून करतात, बाहेर चीर नसते. दोन्ही स्वरतंतूंचा पुढचा साधारण एक तृतीयांश भाग खरवडून एकमेकांना शिवून टाकतात. कंप पावणारी लांबी कमी होते, पट्टी वर जाते.

दुसरी क्रायकोथायरॉइड ॲप्रॉक्सिमेशन. जपानच्या नोबुहिको इश्शिकी यांनी 1974 मध्ये वर्णन केलेल्या थायरोप्लास्टीच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या कूर्चेवरच्या शस्त्रक्रियेच्या, चार प्रकारांतला हा चौथा. गळ्यावर छोटी चीर देऊन स्वरयंत्राच्या दोन कूर्चा जवळ बांधतात, त्यामुळे स्वरतंतू कायमचे ताणलेले राहतात. तिचा परिणाम काळानुसार ओसरू शकतो, म्हणून हल्ली बरेच सर्जन ग्लॉटोप्लास्टीकडे वळलेत. यापलीकडे लेसरने स्वरतंतू बारीक करणं आणि स्वरयंत्राचाच पुढचा भाग काढून ते लहान करणं असेही प्रकार आहेत. त्यातला शेवटचा मोठा आणि मोजक्याच ठिकाणी होणारा.

या शस्त्रक्रियांनी बदलते ती मुख्यतः पट्टी. घुमारा, बोलण्याची लकब, शब्दांची चाल जिथल्या तिथे राहते. म्हणजे थेरपी टाळण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली, तर नंतर थेरपीला यावंच लागतं. खालचे स्वर जातात. जोरात हाक मारायची ताकद काही जणींची कमी होते. घोगरेपणा राहू शकतो, टाके सुटू शकतात, दोन्ही तंतू असमान बरे होऊ शकतात. सुरुवातीला एक-दोन आठवडे पूर्ण मौन, आणि खरा आवाज बसायला तीन ते सहा महिने. शिक्षिका, सेल्सगर्ल, कॉल सेंटरवाली यांनी सुट्टीचं गणित आधी करावं.

मग कुणी करावी? जिला सरावाने घुमारा जमलाय पण पट्टी टिकवताना दिवसअखेर गळा थकतो, झोपेतून उठल्यावर किंवा दचकल्यावर जुना आवाज येईल ही धास्ती जात नाही, तिला फायदा होताना दिसतो. सर्जनला विचारा: तुम्ही स्वतः अशा किती केल्या, आधी-नंतरची रेकॉर्डिंग ऐकवाल का, बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार. आपल्याकडच्या आवाज-तज्ज्ञांना प्यूबरफोनियाचा, म्हणजे तरुण मुलाचा न फुटलेला आवाज खाली आणण्याचा, भरपूर अनुभव असतो. स्वरयंत्र तेच, पण पट्टी वर नेण्याचा अनुभव वेगळा विचारून घ्या.

कंठमणी काढला की आवाज बदलतो ना?

नाही. ती फक्त दिसण्याची शस्त्रक्रिया आहे. स्वरतंतू त्या कूर्चेच्या मागेच जोडलेले असतात, गरजेपेक्षा जास्त तासली गेली तर आवाज उलट बिघडून खाली येऊ शकतो.

किती दिवस लागतील?

आठवड्याला एक सत्र आणि रोजचा सराव धरला, तर बदल ऐकू यायला साधारण तीन महिने, विचार न करता तो आवाज यायला सहा महिने ते वर्ष. आधी वाचनात येतो, मग ओळखीच्यांशी गप्पांत, मग अनोळखी माणसाशी, आणि सगळ्यात शेवटी भांडणात. भावाशी भांडताना नवा आवाज टिकला की मी सत्रांमधलं अंतर वाढवते.

खोकला, हसू, शिंक यांत जुना आवाज येतो. आरतीत तर हमखास.

खोकला बिनआवाजी करता येतो: घसा साफ न करता नुसती हवा जोरात सोडायची, मग पाण्याचा घोट. हसू 'हो-हो'वरून 'हि-हि'कडे सरकवा, खोटं वाटेपर्यंत नको. आरतीचं काय, दहा दिवस सगळेच गळा फाडून ओरडतात. ढोल-ताशात बोलायचंच असेल तर कानाशी जा. वरच्या पट्टीत ओरडणं हे शेवटी शिकायचं कौशल्य आहे.

गाता येईल का?

येईल. नवा षड्ज शोधावा लागेल, गुरुजींना खरं सांगितलं तर त्यांचीच मदत होते. ग्लॉटोप्लास्टीनंतर मात्र आवाजाचा पल्ला कमी होऊ शकतो. गाणं हेच पोटापाण्याचं साधन असेल, तर मी तरी सरावावरच थांबा म्हणेन.

सरावानंतर गळा दुखतो. चालायचंच का?

नाही. स्नायू थकणं वेगळं, दुखणं वेगळं. दुखलं तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी खालच्या पट्टीत सुरू करा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

जायचं कुठे? खर्चाचं काय?

'स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट' शोधा आणि त्यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक बघा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ इथे वाचा-उपचाराचं शिक्षण दिलं जातं. जिथे शिकवतात तिथे सत्रं सहसा स्वस्त असतात. जाण्याआधी फोन करून "ट्रान्स व्हॉइसचं काम कोण करतं" असं नेमकं विचारा. गोव्यात पहिल्या तपासणीला बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे. समजून घेणारे डॉक्टर कोण, हे एलजीबीटी समाजासाठी काम करणाऱ्या मुंबईच्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांकडून कळू शकतं. नांदेड, सोलापूर, चंद्रपूरकडून येणाऱ्यांसाठी ऑनलाइन सत्रं चालतात, फक्त इयरफोन चांगला घ्या.

ट्रान्सजेंडर ओळखपत्र असेल तर आयुष्मान भारत टीजी प्लस योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण 2022 मध्ये जाहीर झालं. त्यात आवाजाची शस्त्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. खासगीत करत असाल तर सर्जन, भूल, रुग्णालय, तपासण्या आणि नंतरची थेरपी यांचे आकडे वेगवेगळे मागा. शेवटचा आकडा बहुतेक वेळा सांगितलाच जात नाही.

आवाज बदललाच नाही तर मी कमी ट्रान्स ठरते का?

नाही. हा प्रश्न तुमच्या मनात कुणी घातला, त्याचा आवाज आधी बंद करा.

पहिल्या भेटीला काय घेऊन येऊ?

मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र, ओळखपत्र, काही लागत नाही. चालू औषधांची यादी आणा. आम्लपित्त, दमा, ऐकण्याचा त्रास असेल तर सांगा. ज्यांचा आवाज तुम्हाला स्वतःला शोभेल असं वाटतं अशा दोन-तीन बायकांची मिनिटभराची रेकॉर्डिंग आणा, शक्यतो तुमच्याच वयाच्या आणि तुमच्याच भागातल्या. नटी नको, मावशी, शेजारीण, भाजीवाली चालेल. त्यांना विचारून रेकॉर्ड करा. कोणत्या नावाने हाक मारू आणि घरी फोन करायचा झाला तर कोणत्या नावाने करू, हे अर्जावर दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.